चहा विचारला तर

मिरजेची वैशाली लीड्सच्या एका सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून रुजू झाली, तेव्हा तिचं इंग्रजी मुळीच कच्चं नव्हतं. ओईटी ही परदेशी जाणाऱ्या डॉक्टर-नर्सांची इंग्रजीची परीक्षा. ती तिने पहिल्याच खेपेला बी श्रेणीत काढली होती. या परीक्षेच्या तोंडी भागात समोरचा माणूस रुग्ण किंवा रुग्णाचा नातेवाईक होऊन बसतो आणि उमेदवाराने साधारण पाच-पाच मिनिटं दोनदा त्याच्याशी बोलायचं असतं. वैशाली छान बोलली होती. पुढे ओस्की, म्हणजे प्रत्यक्ष कामाची परीक्षा, तीही पार पडली. रक्तदाब मोजायचा असो की इंजेक्शन द्यायचं असो, आधी रुग्णाला विचारायचं आणि त्याचा होकार आला की मगच हात लावायचा, हे त्या तयारीत अंगवळणी पडलं. दुसऱ्याला विचारायला ती शिकली होती. आपल्याला कोणी विचारलं तर काय बोलायचं, हे मात्र कुठल्याच परीक्षेत आलं नव्हतं.

वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा, त्यातून हाडं मोडून आलेल्यांचा. सकाळची औषधांची फेरी आटोपली की स्टाफच्या छोट्या स्वयंपाकघरात कोणीतरी केटल लावायचं आणि दारातून डोकं काढून विचारायचं, “एनीवन फॉर अ ब्रू?” तिकडे उत्तरेत चहाला ब्रू म्हणतात. पहिल्या दिवशी वॉर्डातल्या मदतनीस जॅनेटने वैशालीकडे बघून मुद्दाम विचारलं, “वुड यू लाइक अ कप ऑफ टी, लव्ह?”

वैशाली घाईघाईने म्हणाली, “नो, नो, आय ॲम फाइन.”

मिरजेत याचा अर्थ सरळ होता. विचारलंत, बरं वाटलं, आता आणखी एकदा म्हणा. तिथे पाहुण्याने दुसऱ्यांदा म्हटल्यावर ‘बरं, पण अर्धाच कप’ म्हणायचं आणि यजमानणीने तो काठोकाठ भरून आणायचा, यात दोघांचीही शोभा राहते. जॅनेट मात्र “राइट-ओ” म्हणून आत गेली. चहाचा ट्रे आला. त्यात वैशालीचा कप नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे जॅनेटने विचारणं थांबवलं. वैशाली आईला फोनवर म्हणाली, “अगं, माणसं वाईट नाहीत, पण कोरडी आहेत. एकदा विचारतात आणि सोडून देतात.”

“त्यांच्यात आग्रह नसतोच बाई,” आई म्हणाली. “तू आपला थर्मास भरून नेत जा.”

वैशाली थर्मास नेऊ लागली. नव्या मुलीला आपला चहा चालत नाही, याबद्दल मग वॉर्डात कोणाला शंका उरली नाही.

दिवाळीत आणखी एक दुखणं झालं. तिने कामाच्या गडबडीत सगळ्यांना म्हटलं होतं, “यू मस्ट ऑल कम टू माय हाउस फॉर दिवाळी.” सगळे “हाउ लव्हली” म्हणाले. भाड्याच्या घरातल्या त्या इवल्याशा स्वयंपाकघरात तिने चकल्या तळल्या, शंकरपाळे केले, करंज्यांसाठी सुकं खोबरं शोधत दुकानं पालथी घातली. कोणी आलं नाही. डबे तिने शेवटी वॉर्डात नेले, सगळ्यांनी चवीने खाल्ले, आणि हे घरी येऊन खाल्लं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न तिच्या मनात सलत राहिला.

डिसेंबरात तिथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. अशाच एका रात्री आठ वाजता शिफ्ट संपवून ती बाहेर पडली तेव्हा पाऊस आणि बर्फ एकत्र कोसळत होतं. वॉर्डची सिस्टर मार्गारेट गाडी काढत होती. काच खाली करून तिने विचारलं, “शॅल आय ड्रॉप यू होम?”

“नो, नो, इट्स ओके,” वैशाली म्हणाली.

“आर यू शुअर?”

“येस, येस.”

गाडी निघून गेली. बसथांब्यावर बीना उभी होती. बीना कोट्टायमची, बरीच वर्षं लीड्सला असलेली; हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्या नर्सा तिला चेची, म्हणजे मल्याळममध्ये थोरली बहीण, म्हणायच्या. तिने सगळं पाहिलं होतं.

“गाडी तुझ्याच घरावरून जाते. बसली का नाहीस?”

“चेची, असं लगेच कसं बसायचं? तिला वाटेल, वाटच बघत होती.”

“वाट बघत नव्हतीस का?”

वैशाली गप्प राहिली. नाकावरून पाणी गळत होतं.

“ऐक,” बीना म्हणाली, “मार्गारेटने तर दोनदा विचारलं. ‘आर यू शुअर’ हाच इथला आग्रह, त्यापुढे कोणी जात नाही. तू नाही म्हणालीस आणि तिने तुझा शब्द खरा मानला. तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे तू खोटं बोलतेस असं तुझ्या तोंडावर म्हणायचं. तुला कोरडेपणा वाटतो ना, तो तिच्या दृष्टीने तुझा मान आहे.”

बस यायला वेळ होता. बीनाने तिला तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. हवं असेल तर पहिल्याच हाकेला ‘येस, प्लीज’. नको असेल तर ‘नो, थँक यू’. चहा विचारल्यावर ‘आय ॲम फाइन’ किंवा ‘आय ॲम ऑलराइट’ म्हटलं की तो नकारच धरतात. तब्येत विचारल्यावर देतो ते उत्तर इथे चालत नाही. ‘डू यू लाइक टी’ म्हटलं की एरवी चहा आवडतो का, एवढंच विचारल्यासारखं होतं. आत्ता देऊ का, असं विचारायचं तर ‘वुड यू लाइक’. आणि खिडकी लावू का म्हणून कोणी ‘डू यू माइंड इफ आय शट द विंडो’ म्हणालं तर चालत असल्यास उत्तर ‘नो’, कारण प्रश्न हरकतीचा आहे.

“आणखी एक,” बस दिसू लागली तशी बीना म्हणाली. “तुला चहा कोणी विचारत नाही म्हणून तू रुसलीस. तू कधी केटल लावून कोणाला विचारलंस? इथे चहाला पाळी असते. जो पितो तो कधीतरी सगळ्यांसाठी करतो.”

दुसऱ्या दिवशी वैशालीने केटल लावली आणि दारातून डोकं काढून विचारलं. जॅनेट तिच्याकडे बघतच राहिली. “मला वाटलं, तू आमचा चहा पीत नाहीस.” त्या दिवशी थर्मास उघडलाच नाही.

आग्रहाला कमी लेखावं असं मला मुळीच वाटत नाही. ज्या समाजात मागणं कमीपणाचं वाटतं, तिथे भुकेल्यावर मागायची पाळी येऊ नये म्हणून देणाऱ्याने पुन्हा पुन्हा म्हणायचं, ही फार मोठी माणुसकी आहे. पण आग्रह दोघांना ठाऊक असेल तरच चालतो. एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की एक उपाशी राहतो आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. वैशालीला हे बसथांब्यावर पटलं. पण पटलेलं जिभेवर यायला वेळ लागतो, हे जॅनेटच्या घरी दिसलं.

जॅनेटने एका आठवड्यात विचारलं, “शनिवारी मोकळी आहेस का? कम फॉर युवर टी. अबाउट हाफ फाइव्ह.”

हे खरं बोलावणं होतं. वार होता, वेळ होती. वैशालीने लगेच उत्तर दिलं, “आय वुड लव्ह टू. शॅल आय ब्रिंग एनीथिंग?”

“जस्ट युवरसेल्फ, लव्ह. तू काही खात नाहीस असं आहे का?”

आणि इथे मिरज पुन्हा जिभेवर आली. “नो, नो. एनीथिंग इज फाइन.”

चहाचं बोलावणं, म्हणून ती चार वाजता पोळीभाजी पोटभर खाऊन निघाली. जाताना चॉकलेटचा एक डबा घेतला. काही आणू नकोस म्हटलं तरी रिकाम्या हाताने जाऊ नये, हे तिकडेही पाळतात. साडेपाचला दार उघडलं तर टेबल मांडलेलं, काटे-सुऱ्या लावलेल्या, जॅनेटचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. इंग्लंडच्या उत्तरेत बऱ्याच घरांत संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात आणि दुपारच्या जेवणाला डिनर. जॅनेटने ओव्हनमधून मोठं भांडं काढलं. वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, काट्याने रेघा ओढून खरपूस केलेला. कडेने तपकिरी रस्सा उकळून वर आलेला. तिने भला मोठा वाटा वैशालीच्या ताटलीत वाढला, शेजारी मटार घातले आणि समाधानाने खुर्चीवर बसली.

“फार छान दिसतंय. काय आहे हे?”

“कॉटेज पाय. माझ्या आईची पद्धत. खाली बीफचा खिमा.”

वैशालीच्या घरी गोमांस खात नाहीत. तीही खात नव्हती. तिने वरचा बटाटा थोडा उचलला, मटार एकेक करून खाल्ले, काटा इकडून तिकडे फिरवला. जॅनेटचं बोलणं हळूहळू थांबलं. काय झालं ते तिला कळलं तेव्हा तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

“बट आय आस्क्ड यू, लव्ह,” ती म्हणाली. रागाने नाही. दुपारपासून ती स्वयंपाकघरात होती, हे तिच्या हातावरच्या भाजल्याच्या ताज्या डागावरून दिसत होतं. ती उठली, बीन्सचा डबा उघडला, पाव भाजले, त्यावर बीन्स घातले, वर चीज किसलं आणि ताटली पुढे ठेवली. वैशालीचं पोट आधीच भरलेलं होतं. तिने तो पाव शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

‘काहीही चालेल’ हे मिरजेत गुणी पाहुण्याचं उत्तर आहे. ते तिथे निभतं, कारण यजमानणीला सगळं आधीच माहीत असतं: पाहुणे कोणाकडचे, श्रावण पाळतात का, आज संकष्टी आहे का, लसूण चालतो का. न सांगता कळण्यासारखं असतं म्हणून न सांगणं शोभतं. जॅनेटला यातलं काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून तर तिने विचारलं होतं. तिला खरं उत्तर मिळालं असतं तर तिने आनंदाने दुसरं काही केलं असतं. वैशालीने स्वतःला त्रासदायक पाहुणी ठरू द्यायचं नाही म्हणून सगळा त्रास जॅनेटच्या पदरात टाकला.

परतताना जॅनेटने बसथांब्यापर्यंत सोबत केली. वैशालीने धीर करून दिवाळीचा विषय काढला. “मी तुम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं.”

“बोलावलं होतंस?” जॅनेटला खरंच आठवेना. मग आठवलं. “ते होय! पण कधी यायचं ते तू म्हणालीच नव्हतीस. आम्हाला वाटलं, तू प्रेमाने म्हणतेस.”

यात आपल्याला आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. ‘या एकदा घरी’ हे आपणही रोज बोलतो आणि ऐकणारा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभा राहत नाही. आपल्याकडे लग्नाचं बोलावणं अक्षता देऊन करतात, हळदीकुंकवाला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगून येतात. खरं बोलावणं कोणतं, हे आपल्या भाषेत वैशालीला लहानपणापासून ओळखता येत होतं. परक्या भाषेत बोलताना तिने तेवढंच मागे ठेवलं होतं.

संक्रांतीला तिने चूक केली नाही. स्टाफच्या खोलीत फळ्यावर चिठ्ठी लावली: रविवारी दुपारी तीन ते सहा, पत्ता, बस क्रमांक, तिळगूळ आणि गुळाची पोळी, गुरुवारपर्यंत कळवा. पदार्थात तीळ आणि शेंगदाणे आहेत, हे ठळक लिहिलं. ब्रिटनच्या कायद्यात खाद्यपदार्थ विकणाऱ्याला ज्या १४ जिनसांची सूचना द्यावीच लागते, त्यांत ही दोन्ही आहेत, हे तिला बीनाने सांगितलं होतं. खाली उत्तरं आली. एका मुलीने लिहिलं, येते, पण मला तीळ बाधतात. तिच्यासाठी नारळाची वडी झाली. मार्गारेटने लिहिलं, यायला फार आवडलं असतं, पण त्या दिवशी माझी ड्यूटी आहे. वैशालीला तो नकारसुद्धा आवडला. त्यात आभार होते, कारण होतं आणि वाट बघायला लावणारं काही नव्हतं.

फेब्रुवारीत वॉर्डात एडिथ आली. वय ८६, खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली. खिडकीजवळची खाट. तिच्या पाण्याच्या जगला लाल झाकण होतं. प्यायला मदत लागते त्या रुग्णाची ती खूण. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, आणि पाणी कमी पडलं की माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, लघवीला जंतुसंसर्ग होतो, चक्कर येऊन पुन्हा पडतो. म्हणून खाटेला तक्ता लावलेला असतो; किती प्यायलं, किती बाहेर गेलं, सगळं मिलिलिटरमध्ये.

दुपारी चारला वैशालीने तक्ता हातात घेतला. सकाळपासून पाच वेळा एडिथला विचारलं गेलं होतं. पाचही वेळा एकच नोंद: नको म्हणाली. शेवटी कोणीतरी लिहिलं होतं, दोन घोट. कामचुकारपणा कोणीच केला नव्हता. सगळ्यांनी विचारलं होतं, नीट विचारलं होतं, आणि इथल्या रीतीप्रमाणे पहिल्या शब्दाचा मान राखला होता.

“वुड यू लाइक अ ड्रिंक, एडिथ?”

“आय ॲम ऑलराइट, लव्ह. यू गेट ऑन. आय डोन्ट वॉन्ट टू बी अ बॉदर.”

वैशाली तक्त्यावर लिहायला वाकली आणि थांबली. हे वाक्य तिने जन्मभर ऐकलं होतं. मिरजेच्या घरात कॉटवर पडून आजी हेच म्हणायची: नको गं, उगीच कशाला उठतेस. आजीला तेव्हा तहान लागलेली असायची.

घरी तिने सरळ पेला आजीच्या ओठाला लावला असता. इथे ते करता येत नव्हतं, करूही नये. रुग्णाच्या नकाराला ओलांडून जायचं नाही, हे ती शिकून आली होती आणि ते तिला मनापासून मान्य होतं. मग तिला वॉर्डातलं स्वयंपाकघर आठवलं. जॅनेटला जेव्हा खरोखर कोणाला चहा पाजायचा असे तेव्हा ती काय म्हणायची? पुन्हा विचारायची नाही. आपल्या माथी उपकार नको, असं घेणाऱ्याला वाटू नये म्हणून ती ओझंच काढून घ्यायची.

“एडिथ, मी केटल लावायला निघालेच आहे,” वैशाली म्हणाली. “आय ॲम मेकिंग वन एनीवे. चहा आणू, की थंड सरबत?”

एडिथने तिच्याकडे पाहिलं. “करतेच आहेस म्हणतेस?”

“करतेच आहे.”

म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ओ, गो ऑन, देन. टी.”

‘गो ऑन, देन’. आपल्या ‘बरं, अर्धाच कप’चं हे तिकडचं भावंड. तोवर वैशालीला वाटत होतं की ही ओढाताण फक्त आपल्याकडे आहे.

चहा आला. एडिथने अर्धा कप प्यायला आणि कप खाली ठेवला. वैशाली म्हणाली, “अर्ध्या तासाने मी या बाजूला येणारच आहे. तेव्हा बाथरूमला घेऊन जाऊ का?” एडिथच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी सैल झाला. ती पाणी का टाळत होती, ते तिने तेव्हा सांगितलं: पाणी प्यायचं म्हणजे उठायचं, उठायचं म्हणजे घंटा वाजवायची, आणि या पोरींना आधीच इतकं काम. उरलेला अर्धा कप तिने संपवला. रात्री आठपर्यंत आणखी एक कप चहा आणि एक पेला संत्र्याचं सरबत झालं. तक्त्यावर आकडे चढले.

दुसऱ्या दिवशी वैशालीने तिला विचारलं, केस धुऊन देऊ का? एडिथ म्हणाली, “नॉट टुडे, लव्ह. उद्या मुलगी येतेय. तिला ते स्वतः करायला आवडतं.” वैशालीने पुन्हा विचारलं नाही, मी धुतेच आहे असंही म्हटलं नाही. कारण सांगून आलेला तो नकार होता. ‘तुला कशाला त्रास’ हा नकार नव्हता, ती काळजी होती, आणि काळजीला उत्तर द्यायचं असतं.

हँडओव्हरच्या वेळी तिने हे सगळं रात्रीच्या नर्सांना सांगितलं. मार्गारेटने ऐकून घेतलं आणि एडिथच्या कागदावर लिहिलं: पाणी हवं का असं विचारू नका, चहा की सरबत असं विचारा, बाथरूमची वेळ आधी सांगा. एडिथ बरी होऊन घरी गेली तेव्हा तिच्या मुलीने वॉर्डाला बिस्किटांचा मोठा डबा आणला, आणि वैशालीने पहिल्याच हाकेला दोन बिस्किटं उचलली.

तुमच्या घरातून कोणी नर्सिंगला, शिकायला किंवा नोकरीला तिकडे निघालं असेल, तर बॅग भरायच्या आधी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. कोणी इंग्रजीत चहा विचारा, कोणी गाडीत बसायचं विचारा, कोणी जेवायला बोलवा आणि तू काय खात नाहीस ते विचारा. त्याला एकदाच उत्तर देऊ द्या, आणि ते खरं धरा. मग त्यालाच वार, वेळ, पत्ता सांगून तुम्हाला बोलवायला लावा. आणि घरात आजी असेल तर तिलाही या खेळात घ्या; ती नको म्हणाली की त्याने पुढे काय विचारायचं, याचा सराव तिच्याइतका चांगला दुसरं कोणी करून देणार नाही.